पास्कलच्या गाडीचं भाडं

पास्कल तुस्कानोच्या गाडीत बसायचं असेल तर पैसे चालत नाहीत. पेट्रोलचा वाटा देऊ केला की तो अपमान झाल्यासारखा खिडकीबाहेर बघायला लागतो. त्याच्या गाडीचं भाडं ठरलेलं आहे. आठवड्याला एक नवीन गाणं. ते शुक्रवारी सकाळी, गाडी शारजातून निघायच्या आत हजर करायचं. गाणं याच वर्षातलं पाहिजे आणि पास्कलनं आधी ऐकलेलं नसलं पाहिजे. हे सगळं त्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं तेव्हा मी हसलो. त्या शुक्रवारी मी रिकाम्या हातानं गेलो. पास्कलनं काच खाली केली, "सॉरी रे फाटक, रूल इज रूल," म्हणाला आणि खरोखरच निघून गेला. मी रोल्लाच्या सिग्नलवर डबा हातात घेऊन उभा.

पास्कल वसईजवळच्या गासचा. दुबईत देऱ्याला एका हॉटेलात चादरी, टॉवेल, लॉन्ड्री हे खातं बघतो. राहतो शारजात, रोल्लाला, माझ्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये, एका खोलीत. अंगानं किडकिडीत, शर्ट कायम आत खोचलेला आणि खिशातला रुमाल हॉटेलातल्या नॅपकिनसारखा घडी घातलेला. माझ्यापेक्षा चांगला पंधरा वर्षांनी मोठा आहे, पण पहिल्या दिवशी मी "पास्कल अंकल" म्हटलं तर म्हणाला, "अंकल म्हटलंस तर मागं बसवीन." पुढची सीट सोडणं मला परवडणारं नव्हतं, म्हणून तेव्हापासून तो पास्कल आणि मी फाटक. मागच्या सीटवर श्वेता असते. ती नाशिकची, देऱ्याच्या एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनला. तिला मात्र अंकल म्हणायची परवानगी आहे.

गाडी जुनी, पांढरी, जपानी. दर वर्षी पासिंगला जाते तेव्हा आम्ही तिला मनातल्या मनात निरोप देतो आणि दर वर्षी ती पास होऊन येते. तिच्यात अजून कॅसेट प्लेअर आहे. होता, असं म्हणायला हवं, पण त्याबद्दल पुढे सांगतो. समोरच्या कप्प्यात गाडीच्या कागदांऐवजी कॅसेट. पास्कलला कुठल्याही आल्बमचं नाव आठवत नाही. त्याला कव्हर आठवतं. त्यामुळे सोमवारी "लाल मोटरसायकल", मंगळवारी "समुद्रावरचा सोफा" आणि आठवड्यातून एकदा तरी "पिवळी छत्री" असायचीच.

आणि लावली की पूर्ण. मधलं एखादं आवडतं गाणं लावायचं, नावडतं पुढे ढकलायचं, असला प्रकार त्याच्यापुढे काढायचा नाही. "आल्बम म्हणजे जेवण आहे रे फाटक. नुसतं लोणचं खाऊन उठतोस का तू?" त्याचं आवडतं वाक्य म्हणजे "पूर्ण ऐक, मग बोल." आणि त्याहून आवडतं, "बी साईड बाकी आहे." ही दोन वाक्यं तो गाण्यापुरती ठेवत नाही. श्वेता एकदा नव्या बॉसच्या नावानं बोटं मोडत होती तर याचं आपलं, "आत्ता कुठं ए साईड चालू आहे बाय, बी साईड बाकी आहे." माझ्या गुडघ्याचा एक्स-रे आला, डॉक्टरांनी नाक मुरडलं, ते मी काळजीनं सांगत होतो तर तेच. माझ्या गुडघ्याला बी साईड कुठली असणार, हे मी त्याला विचारलं नाही, कारण त्यानं उत्तर दिलं असतं.

जाताना ए साईड आणि येताना बी, असा हिशोब होता. शारजा ते देरा हा रस्ता दुनियेत कुणी स्वखुशीनं करत नाही. पास्कल करतो. ट्रॅफिक जॅम लागला की त्याचा चेहरा खुलतो. उलट कधी रस्ता मोकळा मिळाला आणि ए साईड संपायच्या आत माझं ऑफिस आलं, तर तो गाडी थांबवत नाही. घड्याळाच्या चौकाला चकरा मारत बसतो. एकदा आम्ही असे फिरताना पोलिसानं बाजूला घेतलं. काय शोधताय, म्हणून विचारलं. पास्कल अदबीनं म्हणाला, "सर, साँग नॉट फिनिश." तो तरुण पोलीस खिडकीत वाकला, त्यानं थोडा वेळ ऐकलं. शेवटचं कडवं चालू होतं, तेही मराठीत, त्याला काय कळणार. पण संपेपर्यंत थांबला. मग विचारलं, "खलास?" पास्कल म्हणाला, "खलास सर." तो म्हणाला, "यल्ला, गो." ऑफिसात मी उशिराचं कारण ट्रॅफिक असं सांगितलं.

टेप अडकली तर ती बाहेर काढून पेनानं गुंडाळायचं काम माझ्याकडे. सुरुवातीला मी कुरकुर करायचो. पण "पिवळी छत्री" पहिल्यांदा लागली त्या दिवशी माझी बोलती बंद झाली. ती माझ्या कॉलेजच्या दिवसांतली कॅसेट. ठाण्याला आमच्या ग्रुपमध्ये एकाच मित्राकडे टेपरेकॉर्डर होता. त्याच्या खोलीत आम्ही भिंतीला पाठी टेकून बसायचो आणि ती कॅसेट इतक्या वेळा ऐकली, की एक गाणं संपलं की पुढच्याचा पहिला सूर टेपच्या आधी आमच्या तोंडून यायचा. हे फक्त आल्बम पूर्ण ऐकणाऱ्यालाच जमतं. एकेक सुटं गाणं ऐकणाऱ्याला त्या मधल्या शांततेत काय येणार आहे ते ठाऊक नसतं. त्या मित्राच्या कॅसेटमध्ये तिसऱ्या गाण्यात एक गचका होता. पास्कलच्या कॅसेटमध्ये तो नाही, आणि दर वेळी तिथं आल्यावर माझं मन उगाच अडखळतं. तो मित्र आता कुठे असतो, मला माहीत नाही. खोली होती ती बिल्डिंगही पाडली म्हणे. त्या शेख झायेदच्या नावाच्या मोठ्या रस्त्यावर जगातल्या सगळ्यात चकाचक इमारती आहेत, पण मला ती खोली पाहिजे होती, आणि ती आठवड्यातून एकदा पास्कलच्या गाडीत मिळायची.

शुक्रवारी मात्र जुनं बंद. शुक्रवारी अर्धा दिवस आणि नवीन गाणं. कॅसेट प्लेअरला फोन जोडता येत नाही, म्हणून पास्कलनं गाडीत एक स्टीलचा पेला ठेवला होता. फोन त्या पेल्यात उभा करायचा, म्हणजे आवाज घुमतो. शिवाय एसीच्या घरघरीत बारकावे ऐकू येत नाहीत म्हणून एसी बंद. जुलै महिन्यात बंद गाडीत, पेल्यातून येणारं गाणं, तेही पूर्ण! श्वेता रुमालानं वारा घेत असायची. मी घाम पुसत असायचो. आणि पास्कल डोळे बारीक करून ऐकत असायचा.

गाणं संपलं की त्याचा पहिला प्रश्न कधीच बदलला नाही. "हे कोण ऐकतं? वय काय त्यांचं?"

आवडलं-नावडलं नंतर. आधी वय. श्वेता म्हणायची, "माझ्या वयाचे ऐकतात अंकल," की तो खूष. मग ते गाणं पुन्हा, पुन्हा. शब्द कळले नाहीत तर अर्थ विचारायचा. एकदा श्वेतानं एका रॅपरचं गाणं आणलं. पास्कलनं ते मन लावून ऐकलं आणि म्हणाला, "हा मुलगा फार रागावलाय गं. जेवला नाही का?" पण पुढच्या आठवड्यात जॅममध्ये, स्टिअरिंगवर ठेका धरून, साठीला आलेला हा माणूस तोच रॅप पुटपुटत होता. बाजूच्या बसमधले लोक बघत होते.

माझी पंचाईत वेगळी. माझ्या लेखी संगीत कॉलेजच्या शेवटच्या वर्षी संपलं. त्यानंतर जे झालं तो गोंगाट. मग भाड्यासाठी मी लेकीला, इराला, मस्का लावायला लागलो.

"इरा, एक नवीन गाणं सांग ना."

"व्हाय, बाबा?"

"पास्कल अंकलला द्यायचंय."

"यू आर पेइंग हिम इन साँग्ज? दॅट्स सो वियर्ड." पण सांगितलं. ते मी शुक्रवारी पेल्यात वाजवलं. पास्कलला फार आवडलं.

"तुझी मुलगी ऐकते हे? मग तू पण ऐकत असशील तिच्याबरोबर."

"छे. ती हेडफोन लावून बसते, दार लावून."

पास्कलनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी मोठं हरवून आलोय आणि मला अजून कळलेलं नाही. "घरातच आहे ना तुझ्या? दार वाजव की रे," म्हणाला. मी विषय बदलला. लोकांना सल्ले द्यायची त्याला सवयच आहे, असं मनात म्हटलं.

त्या नवीन गाण्यांमागं काय होतं ते हिवाळ्यात कळलं. सकाळी दाट धुकं होतं, पुढची गाडी दिसत नव्हती, सगळे इंडिकेटर लावून मुंगीच्या पावलांनी चालले होते. श्वेतानं आणलेलं गाणं संपलं आणि पास्कलनं नेहमीचा प्रश्न विचारला नाही. म्हणाला, "सिल्वी येतेय."

सिल्वी म्हणजे सिल्विया, त्याची एकुलती एक मुलगी. बेंगळुरूला नोकरी करते एवढं आम्हाला माहीत होतं. तिच्या कंपनीचं दुबईत प्रदर्शन होतं. बाकी दिवस काम, शनिवार मोकळा.

"वा! अंकल, मस्तच!" श्वेता म्हणाली.

"हो," पास्कल म्हणाला. "पण बोलायचं काय?"

त्यानं एसी लावला, बंद केला, आणि मग धुक्याकडे बघत बोलायला लागला.

"मी इकडं आलो तेव्हा ती रांगत होती. फॅमिली आणायचा पगार नव्हता. नंतर पगार झाला तर सिल्वीची आई, फिलू, म्हणाली, आता शाळा कशाला मोडायची. बरोबरच होतं तिचं. मग काय, दोन वर्षांतून एकदा सुट्टी. निघायच्या आधी रोल्लात खरेदी. फ्रॉकच्या दुकानात मापबिप काही नाही, मी हात धरायचो असा." त्यानं स्टिअरिंगवरचा एक हात सीटच्या उंचीला आडवा धरला. "म्हणायचो, इतनी है. तो मल्याळी दुकानदार विचारायचा, कब देखा था? दो साल पहले. मग तो काही न बोलता माझा हात धरून थोडा वर करायचा. त्याला सवय होती, सगळे आमच्यासारखेच यायचे. फ्रॉकचं जमायचं रे तसं. गाण्याचं कोण सांगणार?"

गाणी तिला फार आवडायची. म्हणून दर सुट्टीला एक कॅसेट. एका वर्षी त्यानं कॅसेटच्या दुकानात अस्वलाचं चित्र असलेली कॅसेट पाहिली, बालगीतांची. अस्वलाच्या डोक्यावर लाल टोपी. त्याला ती इतकी आवडली, की त्यानं विचारच केला नाही.

"मी ती माझ्या डोक्यातल्या सिल्वीसाठी घेतली. घरातली सिल्वी नववीत होती. मैत्रिणी आल्या होत्या तिच्या, त्यांच्यासमोर मी बॅगेतून अस्वल काढलं." तो हसला. "हसल्या नाहीत हं. सिल्वी पण हसली नाही. थँक्यू डॅडी म्हणाली. पाहुण्याला म्हणतात ना, तसं."

पुढच्या वेळी बरोबर आणीन, असं त्यानं ठरवलं. पुढच्या वेळी ती सीडी ऐकत होती. त्याच्या पुढच्या वेळी सीडीही गेली. मग फोन आला आणि सगळंच्या सगळं त्यात फुकट. "बॅगेत भरून न्यायला काही उरलंच नाही रे. आता फोन करतो. जेवलीस का? हो डॅडी. काम कसंय? ठीक. मम्मीला सांगते तुम्ही फोन केलेला. संपलं. हल्ली तर आमच्या सुट्ट्यासुद्धा जुळत नाहीत. म्हटलं निदान तिची गाणी तरी शिकू. गाडीत बसेल, काहीतरी लावीन, ती म्हणेल, डॅडी तुम्हाला हे माहितीय? तिथून पुढं बोलता येईल. तू तिच्याएवढीच ना गं श्वेता?"

"हो अंकल," श्वेता म्हणाली. तिचा आवाज नीट नव्हता. इतकी वर्षं ज्याला मी चक्रम समजत होतो, तो माणूस पेल्यात कान घालून परीक्षेचा अभ्यास करत होता.

त्या दिवसापासून भाड्याचा नियम बदलला. शुक्रवारची वाट बघायची नाही, रोज नवीन गाणं. श्वेतानं शिकवणी हातात घेतली. कोण गायक, कोण गायिका, कुणाचं कुणाशी वाजलंय, सगळं. पास्कल सिग्नलला उजळणी करायचा. जुन्या कॅसेट कप्प्यात पडून राहिल्या, शेवटची लावलेली प्लेअरमध्येच. मला "पिवळी छत्री" ऐकायची फार इच्छा व्हायची, पण बोललो नाही.

सिल्विया यायच्या आदल्या शुक्रवारी गाडीत बसलो आणि बघतच राहिलो. समोर हातभर स्क्रीन. त्यावर निळे-जांभळे दिवे.

"पास्कल, कॅसेट प्लेअर?"

"काढला. इंडस्ट्रियल एरियात जाऊन बसवून घेतलं हे. सिल्वीला काय पेल्यातून ऐकवू?"

"आणि जुना?"

"तिथंच ठेवून आलो. पिवळी छत्री आत अडकली होती, निघेना. म्हटलं जाऊ दे. खलास."

खलास म्हणताना त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. नवा स्क्रीन अरबीत बोलत होता. भाषा बदलायला श्वेतानं सगळी बटणं दाबली, त्यानं फक्त दिव्यांचा रंग बदलला. देऱ्यापर्यंत एक बाई आम्हाला अरबीत समजावत राहिल्या.

पुढच्या आठवड्यात, सिल्वीच्या मोकळ्या शनिवारी, सकाळीच पास्कल माझ्या दारात. नवा शर्ट, केसांना रंग. "फाटक, तू पण चल. मागं बस. मला सुचलं नाही तर तू बोल." बापलेकीच्या भेटीत मी कशाला, असं म्हणणार होतो. पण त्यानं दाराची चौकट धरून ठेवली होती, ती सोडेना. मी चपला सोडून बूट घातले.

हॉटेलच्या दारात सिल्विया उभी होती. उंच, साधा कुर्ता, चष्मा. पास्कल उतरला आणि त्याचा उजवा हात आपोआप वर आला, खांद्याच्या उंचीला आडवा, आणि तिथंच थांबला. ती त्याच्याहून थोडी उंचच होती. कानाजवळचे तिचे केस पांढरे व्हायला लागले होते. श्वेतापेक्षा ती चांगली आठ-दहा वर्षांनी मोठी असणार. पास्कलचा हात याही वेळी खालीच राहिला होता, आणि या वेळी तो वर उचलायला दुकानदार नव्हता.

"कशी आहेस बाय? जेवलीस?"

"ब्रेकफास्ट झाला डॅडी. मम्मीनं सुकेळी दिलीय." तिनं वाळवलेल्या केळ्यांचा पुडा पुढं केला. दोघांनी तो दोन्ही बाजूंनी धरून ठेवला. मग गाडीत बसली.

पास्कलनं पहिलं गाणं लावलं. ती म्हणाली, "छान आहे." दुसरं लावलं. "हेही छान आहे." तिसऱ्याला पास्कलनं गायकाचं नाव, गाव, त्याचं कुणाशी वाजलंय ते सांगितलं. "हे तुझ्या वयाचे सगळे ऐकतात ना?"

"ऐकत असतील डॅडी. मला खरं तर वेळच नाही मिळत. आमच्या ऑफिसमधली नवीन मुलं ऐकतात."

पास्कलनं "हो, हो" केलं आणि आवाज कमी केला. त्याचे कान मागून लाल झालेले मला दिसत होते. एवढा अभ्यास आणि पेपर दुसऱ्याच विषयाचा. आरशातून त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला सुचलं ते मी बोललो, "वसईला पाऊस कसा आहे?" डिसेंबर महिना होता. सिल्विया म्हणाली, "थंडी आहे, काका." त्या अरबी बाईंनी तेवढ्यात काहीतरी सांगितलं.

मग सिल्वियाचं लक्ष स्क्रीनकडे गेलं. "डॅडी, कॅसेट प्लेअर कुठाय? मम्मी म्हणाली तुमच्या गाडीत अजून आहे."

"होता. काढला."

"का?"

"जुना झाला होता." पास्कल समोर बघत म्हणाला.

सिल्वियानं पर्स उघडली. "मम्मी सांगत होती, तुमच्या गाडीत बसायचं तर नवीन गाणं द्यावं लागतं. मी आणलंय." आणि तिनं हात पुढं केला. हातात कॅसेट. कव्हरवर अस्वल, डोक्यावर लाल टोपी. वरचं पारदर्शक कागदाचं वेष्टन तसंच होतं, आणि त्यावर रोल्लाच्या दुकानाचं पिवळं पडलेलं लेबल.

पास्कलनं गाडी बाजूला घेतली. कॅसेट उलटीसुलटी करून पाहिली.

"उघडली पण नाहीस."

"नाही डॅडी. राग आला होता. कॅसेटचा नाही. मी केवढी झालेय हे तुम्हाला माहीतच नाही, याचा. नंतर राग गेला, पण मग एकटीनं उघडावीशी वाटली नाही. तेव्हा हे नवीनच आहे. मी ऐकलेलं नाही."

"मी पण नाही," पास्कल म्हणाला. दुकानात त्यानं कव्हर बघूनच घेतली होती.

दोघंही त्या अस्वलाकडे बघत बसले. लावायला गाडीत काही नव्हतं. मला बोलण्यासाठी आणलं होतं, आणि आता बोलायची वेळ आली होती. "पास्कल, तू प्लेअर ठेवून आलास ते दुकान उघडं असेल ना? मग यल्ला, वळव गाडी."

समुद्रावर जेवायचं ठरलेलं होतं, उंच इमारतीवर जायचं ठरलेलं होतं, ते सगळं बाजूला राहिलं. आम्ही शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात, टायर आणि सायलेन्सरच्या दुकानांच्या गल्लीत शिरलो. वाटेत पास्कल एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "भंगारात टाकला असेल रे त्यानं." गाडी थांबली, दार उघडलं, आणि आम्ही तिघंही जागच्या जागी थांबलो. दुकानातून "पिवळी छत्री" ऐकू येत होती.

मेकॅनिक पेशावरकडचा, पांढऱ्या दाढीचा. त्यानं आमचा प्लेअर टेबलावर ठेवून दोन वायरींनी स्पीकरला जोडला होता. पास्कलला बघून तो ओशाळला. "साहब, बुरा मत मानना. आपकी कैसेट निकली नहीं, तो हमने बजा ली. समझ में कुछ नहीं आता, लेकिन रोज़ सुनते हैं."

तो बंद करायला निघाला, तशी पास्कलनं हात वर केला. "पूरा होने दो."

आम्ही टायरांवर, स्टुलांवर बसलो. गाणं संपलं. मधली ती ओळखीची शांतता आली. आणि पुढच्या गाण्याचा पहिला सूर टेपच्या आधी, अगदी हळू, सिल्वियाच्या तोंडून आला.

पास्कलनं तिच्याकडे पाहिलं. "तुला कसं माहीत?"

"घरी एक कॉपी ठेवून गेला होतात ना, डॅडी. शाळेतून आले की लावायची. तुम्ही यात काय ऐकत असाल, ते बघायला." तिनं चष्मा काढून पुसला. "ए साईड पण, बी साईड पण. टेप तुटली तेव्हा मम्मीनं बंद करायला लावलं."

पास्कलनं खिशातला तो घडीचा रुमाल काढला, घडी उलगडली आणि तोंडावर धरला. तो नोकरीला म्हणून इकडं राहिला आणि तिकडं एक मुलगी त्याच्या गाण्यांतून त्याला शोधत बसली. आणि हा इकडं तिच्या गाण्यांतून तिला. दोघांनी एकमेकांना कधी सांगितलं नाही. मला माझ्या घरातलं ते बंद दार आठवलं आणि मी चहा आणतो असं सांगून बाहेर पडलो.

कडक चहाचे चार पेले घेऊन परत आलो तर मेकॅनिकनं "पिवळी छत्री" सुखरूप बाहेर काढली होती. अस्वलाचं वेष्टन टेबलावर पडलं होतं, आणि ते लेबल सोलून पास्कलनं स्वतःच्या मनगटावर चिकटवलं होतं. गाणं चालू होतं. टोपी हरवलेलं अस्वल जंगलात प्रत्येकाला माझी टोपी पाहिलीस का विचारत होतं. साठीचा बाप आणि पस्तिशी उलटलेली मुलगी, गुडघ्याला गुडघा लावून, डोळे बारीक करून ते ऐकत होते. पास्कलचा पाय ठेका धरत होता. सिल्वियाचाही.

ए साईड संपली, खट् झालं. पास्कलला एकदम भान आलं. तो उठला, शर्ट नीट केला. "चल बाय, उशीर झाला. तुला जेवायला कुठंतरी चांगल्या ठिकाणी नेतो. हे काय बघत बसलो आपण, तुझा एकच दिवस—"

सिल्वियानं कॅसेट बाहेर काढली, उलटी केली आणि पुन्हा आत घातली.

"बसा डॅडी," ती म्हणाली. "बी साईड बाकी आहे."